कर्नलला लागणारं कमीत कमी

स्वतः कंपाइल केलेला लिनक्स कर्नल पहिल्यांदा बूट केला की पडद्यावर ओळींचा लोंढा सुरू होतो. प्रोसेसर ओळखला, मेमरी मोजली, टायमर लावले, सिरीयल पोर्ट सापडला. काही सेकंदांत अशा शेकडो ओळी जातात आणि शेवटी एक ओळ येऊन थांबते: ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग’. तिच्यापुढे रूट फाइलसिस्टीम माउंट करता आली नाही, अशा अर्थाचा मजकूर असतो. नवखा विद्यार्थी इथे हमखास समजतो की कर्नल बिघडला. पुन्हा कॉन्फिग उघडतो, पुन्हा कंपाइल करतो, आणखी एक तास जातो. खरं तर कर्नलने तोवर आपलं काम नीट केलेलं असतं. मेमरी, प्रोसेसर, उपकरणं असं सगळं ताब्यात घेऊन तो एका प्रोग्रामच्या शोधात निघतो, कारण प्रोग्राम चालवणं यासाठीच तो आहे. तो पहिला प्रोग्राम कुठेच सापडला नाही, म्हणून तो थांबतो.

म्हणजे कर्नल तपासायचा तर त्याच्यासोबत एक छोटी फाइलसिस्टीम द्यावी लागते आणि तिच्यात निदान एक चालणारा प्रोग्राम असावा लागतो. ही फाइलसिस्टीम किती छोटी असावी? माझं म्हणणं असं की जितकी छोटी करता येईल तितकी. उबुंटू किंवा डेबियनसारखी पूर्ण प्रणाली नव्या कर्नलवर चढवली, तर सुरुवातीलाच डझनावारी सेवा उठतात. नेटवर्क, लॉगिन, ध्वनी, छपाई, प्रत्येकीची आपली कॉन्फिग फाइल आणि प्रत्येकीच्या आपल्या अपेक्षा. त्यात काही अडकलं तर दोष तुमच्या कर्नलमधल्या दोन ओळींचा की त्या सेवांपैकी एखादीचा, हे शोधण्यात दिवस जातो. सोबत फक्त एक शेल आणि तीन-चार निर्देशिका असतील, तर दोष लपायला जागाच उरत नाही.

हे प्रकरण लिहिताना डोळ्यांसमोर बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातला वाचक आहे. उत्तरेला सातपुड्याचा डोंगर आणि अंबाबरवा अभयारण्य, दक्षिणेला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, मध्ये कापूस-सोयाबीनची शेतं. इथल्या मुलामुलींना इंजिनिअरिंगचं जवळचं मोठं कॉलेज म्हणजे शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय, 1983 साली सुरू झालेलं. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय संगणकशाखेच्या अभ्यासक्रमात असतोच, पण बहुतेकांसाठी तो शेड्युलिंगच्या आकृत्या आणि पाठ केलेल्या व्याख्या यांपलीकडे जात नाही. कर्नलवर प्रत्यक्ष काम करायला मोठी प्रयोगशाळा लागते, सर्व्हर लागतो, पुण्या-बंगळुरूची कंपनी लागते, असा समज खोलवर रुजला आहे. तो खोडून काढण्यासाठी या प्रकरणातले आकडे पुरेसे आहेत. कर्नलचा स्रोत एकदाच उतरवायचा, तो दाबलेल्या स्वरूपात दीडशे एमबीच्या आसपास. बिझीबॉक्स नावाच्या साधनाचा स्रोत दोन-तीन एमबी. त्यातून तयार होणारी फाइलसिस्टीम एक-दोन एमबीची, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढी. पुढे इंटरनेट लागत नाही. वीज गेली तर लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं.

थोडक्यात सुरुवात करण्याची ही कला विदर्भाला अगदीच अनोळखी नाही. संग्रामपूरशेजारच्या अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. विजय भटकर यांचा जन्म तिथला, 1946 सालचा. अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, त्यानंतर 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि 1991 मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम 8000’ तयार झाला. त्याच्या 64 नोडांमध्ये ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर बसवले होते. परमच्या गणनक्षमतेबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. मला मात्र ट्रान्सप्युटर सुरू कसा होतो, ही गोष्ट सगळ्यात मोहवते.

या चिपमध्ये चार जोडण्या असत आणि आतच 4 केबी मेमरी. रॉममधून बूट करायचं नाही असं पिनवरून सांगितलं, की चिप रीसेट झाल्यावर काहीच करत नसे. कोणत्या तरी जोडणीवरून एक बाइट येण्याची वाट बघत बसे. तो बाइट 0 असेल तर पुढे येणारी किंमत मेमरीत दिलेल्या पत्त्यावर लिहायची. 1 असेल तर दिलेल्या पत्त्यावरची किंमत वाचून परत पाठवायची. 2 ते 255 यांपैकी काही असेल तर तेवढे बाइट आत घ्यायचे आणि तोच प्रोग्राम समजून चालवायला लागायचं. म्हणजे पहिल्या प्रोग्रामला जास्तीत जास्त 255 बाइट! एवढ्यात गणित होणार नाही, पण जोडणीवरून आणखी मोठा प्रोग्राम ओढून घेणं आणि शेजारच्या चिपला तेच पाठवणं एवढं होतं. डिस्क नाही, रॉम नाही, तरी एकामागून एक प्रोसेसर जागे होत जातात. लिनक्सच्या चाचणीत आपण करणार आहोत ते याच विचाराचं काम आहे, फक्त आपल्याकडे 255 बाइटांऐवजी एक-दोन एमबीची चैन आहे.

लिनक्समध्ये ही चैन सुरुवातीपासून नव्हती. लिनस टॉर्व्हाल्ड्सने ऑगस्ट 1991 मध्ये आपल्या छंदाच्या प्रणालीची घोषणा केली. जानेवारी 1992 च्या 0.12 आवृत्तीसोबत दोन वेगळ्या फ्लॉपी-प्रतिमा मिळत: एक बूट, एक रूट. पहिलीवरून कर्नल मेमरीत यायचा, मग तो रूट फ्लॉपी घालून एंटर दाबायला सांगायचा. दुसऱ्या फ्लॉपीवर शेल, काही आज्ञा आणि निर्देशिकांचा सांगाडा. एका फ्लॉपीत काय बसेल याचा हिशेब तेव्हा बाइटाबाइटाने चाले. डेबियनच्या इन्स्टॉलरसाठी ब्रूस पेरेन्स यांना दुरुस्ती आणि स्थापना दोन्ही करणारी एकच बूट होणारी फ्लॉपी हवी होती. त्या गरजेतून 1995 साली त्यांनी बिझीबॉक्स लिहिला. कल्पना साधी आणि फार सुंदर: एलएस, कॅट, माउंट, शेल अशा प्रत्येक आज्ञेचा वेगळा प्रोग्राम ठेवला तर प्रत्येकात तोच तो सामाईक भाग पुन्हा भरावा लागतो, म्हणून सगळ्या आज्ञा एकाच प्रोग्रामात घालायच्या. त्याला कोणत्या नावाने हाक मारली हे तो बघतो आणि त्याप्रमाणे वागतो. डिस्कवर असतात त्या फक्त त्या एका फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक. आज त्यात तीनशेहून अधिक आज्ञा आहेत आणि अनेक घरगुती वाय-फाय राउटरांमध्ये तोच चालतो.

फ्लॉपी गेली, त्या जागी इनिटरॅमएफएस आलं. डिसेंबर 2003 मध्ये निघालेल्या 2.6 या कर्नलपासून ही सोय आहे. आधीच्या इनिटआरडी पद्धतीत एका डिस्कची हुबेहूब प्रतिमा मेमरीत ठेवत. तिचा आकार आधी ठरवावा लागे, तिच्यावरची फाइलसिस्टीम वाचणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये असावा लागे आणि तोच डेटा मेमरीत दोनदा साठे. नव्या पद्धतीत डिस्कचं सोंगच काढून टाकलं. कर्नलमध्ये जन्मापासून एक रिकामी फाइलसिस्टीम मेमरीतच असते. तुम्ही सीपीआयओ या जुन्या युनिक्स साधनाने फाइलींचं गाठोडं बांधायचं आणि कर्नल ते थेट त्या मेमरीत सोडवतो. गाठोड्याचं स्वरूप इतकं सरळ आहे की प्रत्येक फाइलीच्या आधी 070701 हे सहा अंक असतात आणि त्या अंकांमागोमाग तिची माहिती साध्या अक्षरी षोडशमान आकड्यांत. मोडकं गाठोडं एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी तपासता येतं.

आता प्रत्यक्ष काम. एक रिकामी निर्देशिका घ्यायची आणि तिच्यात बिन, प्रॉक, सिस, डेव्ह अशा चार निर्देशिका करायच्या. बिझीबॉक्स स्टॅटिक पद्धतीने कंपाइल करून बिनमध्ये ठेवायचा आणि त्याच्या लिंक तयार करायच्या. मुळाशी ‘इनिट’ नावाची छोटी शेल स्क्रिप्ट लिहायची. तिने प्रॉक, सिस आणि डेव्हटीएमपीएफएस ही कर्नलची आतली माहिती दाखवणारी तीन रूपं आपापल्या जागी माउंट करायची आणि शेवटी ‘एक्झेक’ वापरून स्वतःच्या जागी शेल सुरू करायचा. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायची. मग त्या निर्देशिकेच्या आत उभं राहून फाइंडने सगळी नावं काढायची, ती सीपीआयओला ‘न्यूसी’ स्वरूपात बांधायला द्यायची आणि तयार झालेलं गाठोडं जीझिपने दाबायचं. झालं. दहा मिनिटांचं काम.

पण ही दहा मिनिटं क्वचितच दहा राहतात, आणि जिथे ती लांबतात तिथेच खरं शिकणं आहे. कर्नलची प्रत्येक तक्रार नेमकी असते. ती शब्दशः वाचायची सवय लागली की अर्धी भीती जाते.

पहिला पॅनिक वर सांगितलाच: रूट फाइलसिस्टीम माउंट करता येत नाही. गाठोडं दिलेलं असूनही हा आला, तर कर्नलला मुळाशी ‘इनिट’ नावाची फाइलच दिसलेली नाही. त्याने ठरवलं की या गाठोड्याचा उपयोग नाही, आणि तो खरी डिस्क शोधायला गेला. कारण बहुधा एकच असतं. फाइंड निर्देशिकेच्या बाहेरून चालवलेलं असतं, त्यामुळे गाठोड्यातल्या प्रत्येक नावाला पुढे एक जास्तीची निर्देशिका चिकटते आणि ‘इनिट’ मुळाऐवजी एक पायरी खाली जाऊन बसतं. दुसरं कारण म्हणजे इनिटआरडीचा पर्याय कॉन्फिगमध्ये बंद असणं. ‘टायनीकॉन्फिग’ने सुरुवात करणाऱ्यांना ते भेटतं, कारण त्यात जवळपास सगळंच बंद असतं.

दुसऱ्या प्रकारात फाइल सापडते पण चालत नाही. तेव्हा कर्नल ‘इनिट चालवता आलं नाही’ असं म्हणून कंसात एक ऋण आकडा देतो. तो आकडा सोन्याचा आहे. उणे 13 म्हणजे परवानगी नाही, चालवण्याचा बिट लावायचा राहिला. उणे 8 म्हणजे हा प्रकार मला चालवता येत नाही. एक तर प्रोग्राम दुसऱ्याच प्रोसेसरसाठी कंपाइल झालेला आहे, नाही तर स्क्रिप्ट चालवण्याचा पर्याय कर्नलमध्ये नाही. उणे 2 म्हणजे फाइल सापडली नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हाच घालतो, कारण फाइल तर समोर दिसत असते! इथे न सापडलेली फाइल वेगळीच आहे. साध्या पद्धतीने कंपाइल केलेल्या प्रोग्रामच्या पोटात एक पत्ता लिहिलेला असतो: मला चालवायच्या आधी या लोडरला बोलवा, तो माझ्या लायब्ररी जोडून देईल. आपल्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये तो लोडरच नाही. कर्नल त्याला शोधतो, तो मिळत नाही, आणि दोष मूळ प्रोग्रामच्या नावावर लागतो. बिझीबॉक्स स्टॅटिक करायचा तो याचसाठी. स्टॅटिक म्हणजे लागेल ते सगळं प्रोग्रामच्या आतच. उणे 2 चं आणखी एक कारण, विंडोजचा लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी: नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर येतं. पहिल्या ओळीत लिहिलेल्या शेलच्या नावाला ते चिकटतं आणि त्या नावाचा शेल जगात कुठेच नसतो.

इथे एक फसवी वाट आहे. ‘इनिट’ चाललं नाही तर कर्नल लगेच हार मानत नाही. तो एसबिनमधलं इनिट, एटीसीमधलं इनिट, बिनमधलं इनिट आणि शेवटी बिनमधला शेल अशा क्रमाने प्रयत्न करतो. बिझीबॉक्सच्या लिंकांमध्ये एसबिन-इनिट असतंच. त्यामुळे तुमची स्क्रिप्ट फसली तरी पॅनिक येत नाही, बिझीबॉक्सचं स्वतःचं इनिट उठतं, ‘आरसीएस’ नावाची फाइल सापडत नाही म्हणतं आणि एंटर दाबायला सांगतं. एंटर दाबलं की शेल मिळतो, पण प्रॉक रिकामं, सिस रिकामं. माणूस कर्नलमध्ये दोष शोधत बसतो. त्रास टाळायचा तर चाचणीच्या फाइलसिस्टीममध्ये नको असलेली लिंक ठेवूच नये. कमीत कमी ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

तिसरा पॅनिक: ‘इनिटला मारण्याचा प्रयत्न झाला’. पहिल्या प्रोग्रामचा क्रमांक 1 असतो आणि त्याला संपण्याची मुभा नाही. ज्यांचे पालक संपले अशा सगळ्या प्रक्रिया त्याच्या पदरात येतात, म्हणून तो कायम हवा. स्क्रिप्टच्या शेवटी शेल सुरू करायला विसरलात तर स्क्रिप्ट यशस्वीपणे संपते आणि तिच्यासोबत यंत्रही. याही संदेशात एक आकडा असतो, षोडशमान पद्धतीत. सगळी शून्यं असतील तर प्रोग्राम सुखाने संपला. 7एफ00 असेल तर एखादी आज्ञा सापडली नाही. शेवटी नुसतं बी असेल तर प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला, सिग्नल क्रमांक 11.

काही वेळा काहीच दिसत नाही, ना पॅनिक, ना ओळी. तेव्हा कर्नल बहुधा व्यवस्थित चाललेला असतो, फक्त तुम्ही ऐकताय त्या पोर्टवर तो बोलत नाही. चाचणीसाठी आपण क्यूईएमयू वापरतो. फॅब्रिस बेलार्ड यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रोग्राम लॅपटॉपच्या आत दुसरा संगणक उभा करतो. त्याला कर्नल आणि गाठोडं या दोन फाइली थेट देता येतात, बूटलोडर लागत नाही. त्याला चित्राची खिडकी नको असं सांगितलं, तर कर्नललाही बूट ओळीत पहिल्या सिरीयल पोर्टवर बोलायला सांगावं लागतं. हे एक राहिलं की काळा पडदा. कन्सोलची आणखी एक खोच अशी: शेलला बोलण्यासाठी डेव्हमध्ये ‘कन्सोल’ नावाची उपकरण-फाइल लागते, मुख्य क्रमांक 5 आणि उपक्रमांक 1. गाठोडं बाहेरून दिलं तर कर्नलच्या पोटातलं छोटं मूळ गाठोडं ती फाइल पुरवतं. पण आपलं गाठोडं कर्नलच्या आतच बांधून टाकलं तर ते त्या मूळ गाठोड्याची जागा घेतं आणि ‘कन्सोल’ आपणच द्यावी लागते. अशी फाइल करायला एरवी रूटचे अधिकार लागतात. कर्नलच्या स्रोतात ‘जेन-इनिट-सीपीआयओ’ नावाचं साधन आहे, त्याला साध्या यादीत लिहून दिलं की अधिकारांशिवाय काम होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये रूट पासवर्ड मिळत नाही, तिथे याचा मोठा आधार.

आपण पाहिली त्याहून छोटी फाइलसिस्टीम हवी असेल तर बिझीबॉक्सही काढता येतो. सीमध्ये एक ओळ छापून कायम फिरत राहणारा प्रोग्राम लिहा, स्टॅटिक कंपाइल करा, नाव ‘इनिट’ ठेवा. गाठोड्यात फक्त तोच. नेहमीच्या जीलिबसीसह त्याचा आकार आठशे केबीच्या आसपास भरतो, असेंब्लीत लिहिला तर काहीशे बाइट. ऑपरेटिंग सिस्टीम शिकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा करावाच असं मला मनापासून वाटतं. लॉगिन, शेल, फाइलींची यादी, ज्याला आपण ‘लिनक्स’ म्हणत आलो ते सगळं गेलेलं असतं, आणि तरी कर्नल जसाच्या तसा चालू असतो. त्याची हद्द नेमकी कुठे संपते ते त्या एका ओळीत दिसतं.

हीच फाइलसिस्टीम खऱ्या तपासणीत कशी राबते ते सांगून थांबतो. समजा एक ड्रायव्हर जुन्या आवृत्तीत चालत होता, नव्यात चालत नाही, आणि दोन्हींमध्ये हजार बदल झाले आहेत. शेतातली पाइपलाइन कुठे फुटली ते बघताना मधला व्हॉल्व्ह उघडतात, पाणी आलं तर पुढचा अर्धा भाग तपासतात, नाही आलं तर मागचा. गिटमधलं ‘बायसेक्ट’ तेच करतं: मधला बदल घ्या, कर्नल कंपाइल करा, बूट करून बघा. हजार बदलांना दहा फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरीत माणूस बसायची गरज नाही, कारण ‘इनिट’ स्क्रिप्टच चाचणी होऊ शकते. तिने ड्रायव्हर वापरून पाहायचा, ‘पास’ किंवा ‘फेल’ सिरीयल पोर्टवर छापायचं आणि यंत्र बंद करायचं. क्यूईएमयूचं बोलणं एका फाइलीत साठवायचं, त्यात ‘पास’ आहे का ते बाहेरच्या स्क्रिप्टने बघायचं आणि बायसेक्टला कळवायचं. एकच अडचण उरते. मध्येच कर्नल पॅनिक झाला तर तो तिथेच उभा राहतो आणि पुढच्या फेऱ्या खोळंबतात. त्यावर बूट ओळीत ‘पॅनिक=-1’ लिहायचं, म्हणजे पॅनिक झाल्याबरोबर कर्नल रीबूट मागतो, आणि क्यूईएमयूला रीबूट न करण्याचा पर्याय द्यायचा, म्हणजे तो रीबूटऐवजी बंद होतो. कर्नल पूर्णच अडकला तर ‘टाइमआउट’ आज्ञेने दोन मिनिटांत क्यूईएमयू मारायचा. जुन्या लॅपटॉपवर एकेक फेरी अर्धा-पाऊण तास घेईल, सगळा वेळ कंपाइलचा, बूट आणि चाचणीला काही सेकंदच. संध्याकाळी लावून ठेवलं तर पहाटेपर्यंत दोषी बदलाचा क्रमांक, तो करणाऱ्याचं नाव आणि तारीख समोर येते.